फक्की

पहाटे साडेपाचला गेटवरचा पोरगा माझा पास बघतो,
मग मला बघतो, मग पुन्हा पास.
एकवीस वर्षं झाली. पोरगे बदलतात,
फोटोतला मी तेवढा तरुण राहिलोय.
"मॉर्निंग, क्लाउके," म्हणतो,
आणि दरवेळी माझ्या नावाचा नवा भुगा करतो.

मी मैदानावर फक्की मारतो. एवढंच काम.
चाकाच्या डब्यात चुना, दोन खुंट्यांमध्ये सुतळी,
दंवावर उमटत जाणारी रेघ.
माझे वडीलही ह्याच बराकीत शिपाई होते,
तेव्हा गणवेश दुसरा, झेंडा दुसरा.
ते बोलत नसत. मी विचारलं नाही.
रेघ मात्र मी सरळ मारतो.

सहाला ते पळत येतात, जड बुटांनी,
साखर कारखान्याच्या बीटाच्या वासातून.
पुढे पीटीचा सार्जंट; त्याला चालताना मी कधी पाहिलेलं नाही.
सगळ्यांत शेवटी भटारखान्यातला जाडा पोरगा,
छातीत शिट्टी अडकल्यासारखा.
मी बोट वर करतो : एकच फेरी राहिली.
राहिलेल्या असतात तीन. त्यालाही ठाऊक असतं.

शरदात माळरानावरचा सराव आटोपून रणगाडे परततात,
पट्ट्यांत कुणाच्या तरी शेताचा पाला.
माझा मेहुणा भरपाईचा अर्ज भरतो,
चार ओळी तुडवल्या तर सहा लिहितो.
मग डांबरी चौकात हॉकी, जिमखान्यात बॉक्सिंग.
बॉक्सिंगला फेरी चालू असताना टाळी वाजवायची नाही,
असा त्यांचा रिवाज.
तीनशे माणसं गप्प बसतात
आणि नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू जातं.

प्रॉसर गोलकीपर. वेल्सचा, वायरलेस दुरुस्त करायचा.
सामन्याआधी गोलरेषेच्या मधोमध
टाचेने खाच पाडायचा. माझ्या रेघेवर!
मी ओरडायचो, जर्मनमध्ये;
शिव्या आपल्याच भाषेत नेमक्या लागतात.
तो म्हणायचा, "मागे न बघता कळायला हवं ना,
मी कुठे उभा आहे."

नोव्हेंबरात हुकूम आला : चार महिने बेलफास्ट.
रेंजवर पत्र्याची खोटी गल्ली उभी राहिली,
खोटा गुत्ता, खोट्या खिडक्या,
दगड मारायला दुसऱ्या तुकडीतले पोरगे नेमलेले.
खोट्या दंगलीत प्रॉसरच्या कपाळाला
तीन खरे टाके पडले.

ते गेल्यावर मी खाचेत बी पेरलं. नियम आहे.
त्याची बायको नेस्टा बाबागाडी ढकलत
रोज कडेच्या रेघेवरून जायची, चाकं पांढरी करत.
एकदा गोलपाशी थांबली. वाकून बघत राहिली.
"इथे काहीतरी होतं ना?"
माझं इंग्रजी गवत आणि चुना ह्यापलीकडे जात नाही.
"ग्रास," म्हणालो. "न्यू ग्रास."

दुसऱ्या दिवशी, कुणी नसताना,
मी माझ्याच रेघेवर टाच रोवली.
जमेना. माझे बूट रबरी.
शेवटी खुरपं आणलं.

मार्चात एका रात्री ट्रक आले.
शनिवारी धुकं होतं. हातमोजे घातलेला एकजण
गोलमध्ये येऊन उभा राहिला, खाली बघितलं,
टाच उचलली आणि तशीच खाली ठेवली.
मी सवयीने ओरडलो.
धुक्यातून हात वर झाला.

सोमवारी पळणारे आले. मी कठड्याशी बोट तयार ठेवून उभा.
शेवटी दुसराच कुणी होता,
बारीक अंगाचा, उगाच मागे पडलेला.

दोनदा ऑफिसपर्यंत जाऊन आलो.
भटारखान्याच्या दाराशी नवा पोरगा होता.
त्याने पास मागितला.